धबधब्याकडची बंद वाट

श्रद्धाला झोळीत घालून दरीतून वर आणलं, तेव्हा तिच्याबरोबर कुंडात तरंगत असलेली तिची काठीही कुणीतरी आणली. हवालदार सुनंदाने ती पंचनाम्यासाठी ठेवून घेतली. एकवीस वर्षांची पोर. एका दिवसाच्या सहलीला मुंबईहून आलेली, आणि आता वाडीतल्या शाळेच्या पडवीत चादरीखाली निजलेली.

पडवीच्या दुसऱ्या टोकाला जैतू उकिडवा बसला होता. ओठ फुटलेला, सदऱ्यावर रक्त. सहलीतल्या दोघा पोरांनी त्याला बडवलं होतं आणि बाकीचे बघत उभे होते. पावसाळ्याच्या तोंडाला दरड कोसळून धबधब्याची वरची वाट गेली, तेव्हापासून ती बंद ठेवायचं काम पंचायतीने जैतूकडे दिलेलं. त्याने ती उघडी टाकली म्हणून पोर दरीत पडून गेली, असं सगळ्यांचं म्हणणं. साहेबही फोनवर तेच म्हणाले. त्याला घेऊन खाली या, विषय संपवा.

विषय संपवा! सुनंदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती मूळची इथल्याच पोशीर गावची. डोंगरातल्या माणसावर खापर फोडणं किती सोपं असतं, हे तिने लहानपणापासून पाहिलं होतं. पण रागावर पंचनामा होत नाही. तिने जैतूलाच आधी विचारलं.

"वाट अडवली व्हतीस का रं?"

"दोन बांबू आडवं बांधलं व्हतं, बाय. तारंनं. काल सांजला बी बगून आलू."

"आज सकाळी?"

"आज नाचणीत व्हतू. नाय बगितलं."

ती स्वतः वर जाऊन आली. वाटेच्या दोन्ही अंगांना खांब जागच्या जागी होते. खांबांना तारेचे गंजलेले वेढे होते आणि एकाचीही गाठ सुटलेली नव्हती. वेढ्यांतले बांबू मात्र गायब होते.

मग तिने सहलीतल्या एकेकाला वर्गात वेगळं बोलावलं. सगळ्यांचं एकच उत्तर, वाटेत काहीही आडवं नव्हतं. पढवलेलं उत्तर असतं तर कुणीतरी अडखळलं असतं. कुणी अडखळलं नाही. श्रद्धाची मैत्रीण हर्षला तर रडत म्हणाली, "बांबू दिसला असता तर ती तिथूनच मागे फिरली असती. ती फार भित्री होती हो. तिलाच मी ओढून आणलं."

म्हणजे जैतू खरं बोलत होता, आणि ही पोरंही खरं बोलत होती. मग खोटं कोण बोलत होतं?

उरला ऋतिक. सहल याने काढलेली. खोपोलीचा गडी, अंगात झकपक रेनकोट, पायात भारी बूट. त्याने खुर्ची ओढून घेतली आणि न विचारताच सांगून टाकलं.

"सरपणाला नेले असतील मॅडम. या लोकांचं काय सांगावं."

सुनंदाने दात आवळले. सकाळी तू कुठे होतास, एवढंच तिने विचारलं. तो म्हणाला, पोह्यांचं सांगायला बाइकवरून पुढे आलो होतो, मग खाली जाऊन गाडीची वाट बघितली. हर्षलाने मघाशी आणखी एक सांगितलं होतं. गाडीतून उतरलो तेव्हा ऋतिकदादा सगळ्यांसाठी काठ्या घेऊनच उभा होता. चिखलात आधाराला बऱ्या म्हणून.

"काठ्या कुठनं आणल्यास?"

"स्टेशनबाहेर विकत घेतल्या."

बूट काढलेल्या कोपऱ्यात त्या काठ्या पडल्या होत्या. सुनंदाने एक उचलून फिरवून पाहिली. बांबू पावसाने काळवंडलेला, पण टोकाचा काप पांढराफेक. कोयत्याचा घाव तिरका बसतो. हा काप सरळ होता, करवतीचा. आणि दुसऱ्या टोकाजवळ गंजाचं लालसर कडं उमटलेलं.

तिने सगळ्यांना बाहेर बोलावलं. काठ्या पडवीत मांडायला घेतल्या. पेर जुळवत, काप जुळवत, टोकाला टोक लावत. बघता बघता एक लांब बांबू सलग झाला, दोन्ही शेवटांना कोयत्याचा जुना तिरका घाव, दोन्हीकडे गंजाचं कडं. दुसरा बांबूही जुळत गेला. त्याच्या मध्ये मात्र एका काठीएवढी जागा रिकामी राहिली.

"सरपण न्यायला आलेला कोयत्याने गाठ तोडतो नाहीतर सोडतो," सुनंदा म्हणाली. "ह्याने तारंला हातच लावला नाय. मधे करवत चालवली आणि तुकडे वेढ्यातनं ओढून काढले. बांबू तिथंच टाकला असता तर तुमाला दिसला असता. दरीत टाकला असता तर कुंडात तरंगताना दिसला असता, म्हणून तुमच्याच हातात दिला. बंद वाटेचा बांबू धरून तुमी सगळे बंद वाटेनं गेलात."

ऋतिकच्या सॅकमधून घडीची करवत निघाली. दातांत बांबूचा भुसा होता. खालच्या धबधब्यावर जत्रा असते, तो पुटपुटला, मी सगळ्यांना कुणी न पाहिलेला धबधबा कबूल केला होता. मी वाट बघून घेतली होती. मला वाटलं, जमेल.

सुनंदाने पंचनाम्यातली काठी आणली आणि रिकाम्या जागेत ठेवली. पेराला पेर बसलं.

सुनंदाने साहेबांना फोन लावला. घेऊन येते म्हणाली, पण जैतूला नाही. मग ती जैतूला मारणाऱ्या दोघांकडे वळली.

"तुमी दोघं बी चला. याचं तोंड फोडलंत त्याची तक्रार वेगळी."

त्यांच्यातला एक जैतूकडे बघून सॉरी म्हणाला. पडवीतले बांबू आता पुराव्यात जाणार होते, आणि उद्या रविवार, सहलींचा दिवस होता. तो कोयता कमरेला अडकवून नवे बांबू तोडायला निघाला.