मर्क्युरीखालचं हळदीकुंकू

ज्याला हे खोटं वाटेल, त्याने बमरोलीत येऊन माझ्या आईला विचारावं. उषाबाई थट्टेतसुद्धा खोटं बोलत नाही...

एकदाच बोलली. ही त्याच संध्याकाळची हकीकत.

१९९६ ची संक्रांत. सुरतेतली बमरोली, आमच्या चाळीचं आवार.

त्या वर्षी आवारात मर्क्युरीचा नवा दिवा लागला होता. उजेड भरपूर, पण त्यात लाल रंग दिसायचाच नाही. कुंकू पार काळं दिसायचं.

"काय वं माय, सगळ्या शाई लावून आल्या का?" सुंदराबाई हसली. वाणाचं भांडं स्टीलचं की प्लास्टिकचं, ते बघून ही बाई किती हसायचं ते ठरवायची. आज स्टील होतं.

वाण शेजारच्या अनुसयाबाईचं होतं. तिचा नवरा किसन कडोदऱ्याच्या एका मिलमध्ये कामाला. संध्याकाळी येतो म्हणाला होता. ती सारखी फाटकाकडे बघत होती.

तो येणार नव्हता.

दुपारीच मशीनच्या पट्ट्यात सापडून तो गेला होता. त्याचा भाऊ लखन निरोप घेऊन आला, तो आधी माझ्या आईला भेटला. मग एकीचं दुसरीला करत सगळ्यांना कळलं. फक्त तिला नाही.

ठरलं असं, की एवढं हळदीकुंकू होऊ द्यावं. सवाष्णीचा शेवटचा मान. तो कशाला मोडायचा?

"दादाला डबल पाळी लागली, वहिनी. उद्या येईल," लखन म्हणाला.

आईने नुसती मान डोलावली. सुंदराबाईने तर उखाण्याचा हट्ट धरला. कळूनसुद्धा!

अनुसयाबाईने लाजत नवऱ्याचं नाव घेतलं...

आणि लाईट गेली.

कुणी हसलं नाही.

काही वेळाने घरांतले बल्ब लागले. मर्क्युरी नाही. तापलेला दिवा गार झाल्याशिवाय परत पेटत नाही. सगळ्या अंधारात तशाच बसून राहिल्या.

मग दिवा पेट धरू लागला. आधी अंधुक... जांभळट. चेहरे ओळखू येईनात.

आईला दिसलं, अनुसयाबाईसमोर कुणीतरी वाकलंय. हात तिच्या कपाळाकडे गेला...

आईला वाटलं, आपल्यातलीच कुणीतरी असेल.

दिवा निळा झाला.

समोर कुणी नव्हतं.

बांगडी वाजली नाही. पाऊल वाजलं नाही.

उजेड पांढराफेक झाला. सगळ्यांची कपाळं काळी.

अनुसयाबाईचं कुंकू मात्र... लाल होतं. भर उन्हात दिसावं तसं लालभडक.

"कोनी लावलं वं?" तिने विचारलं.

बायका एकमेकींच्या हातांकडे बघू लागल्या.

"बाईचा हात नव्हता. गार होता..." ती आईकडे वळली. "उषाबाई, हे कुठं आहेत?"

"कडोदऱ्याला. पाळीवर."

"मला सांगून गेले ते, कुठं आहेत."

लखन हुंदके द्यायला लागला.

अनुसयाबाई रडली नाही. एकेकीकडे नीट बघून म्हणाली, "मेलेला माणूस सांगायला आला. आणि तुम्ही जित्या एवढ्या जणी, माझे तिळाचे लाडू खात बसल्या."

ती गावी निघून गेली. आई तिकडे भेटायला गेली, तर आतून कडी लागली.

कुणी म्हणतं, घरातल्या पिवळ्या बल्बचा उजेड पडला असेल तिच्या कपाळावर. असेल. मग शेजारणींच्या का नाही पडला?

आई आता थकलीय. घरात सण असला, चार माणसं हसत असली, की मधेच विचारते, "खरं सांगा, सगळे बरे आहेत ना?"

"हो आई, बरे आहेत."

ती आमच्या तोंडाकडे बघत नाही.

आमच्या मागे बघते...