रिकाम्या खुर्चीकडे पाहणारे डोळे

ती आली तेव्हा राजीनाम्याचा कागद तिच्या हातात होता. टाइप केलेला, फक्त सहीची जागा कोरी.

“संध्याकाळपर्यंत सही केली नाही, तर मला वेडी ठरवून काढणार आहेत,” ती तपासनिसाला म्हणाली. “खरंच वेडी असेन, तर तेही सांगा.”

ती काचेचे कृत्रिम डोळे रंगवी. गेले नऊ दिवस सकाळी कारखाना उघडला, की फळीवरचे सारे तयार डोळे एकाच दिशेला वळलेले असत. जणू रात्रभर त्यांनी कुणाची तरी वाट पाहिली होती.

“कुठे पाहतात?”

“माझ्या खुर्चीकडे.”

“त्याआधी काही घडलं होतं?”

“व्यवस्थापकांविरुद्ध मालकीणबाईंकडे तक्रार दिली होती. ते मागे येऊन उभे राहतात. खांद्यावर हात ठेवतात. काढत नाहीत.”

तपासनिसाचा मेहुणा कुजबुजला, “भाऊजी, भुताटकीत आपण कशाला पडायचं?”

“भुतं राजीनामे टाइप करत नाहीत.”

तिघे कारखान्यात पोहोचले तेव्हा दरवाजा नुकताच उघडला होता. वरच्या लांबट दालनाला दोन्ही टोकांना खिडक्या, प्रत्येकीशी एक खुर्ची. शंभरेक डोळे पूर्वेच्या खिडकीकडे टक लावून होते. तिथली खुर्ची उन्हात न्हालेली, रिकामी. ती मान खाली घालून पश्चिमेच्या खिडकीशी जाऊन बसली.

“तिकडे कुणी बसलंय का हो, भाऊजी?” मेहुण्याने विचारले.

काच घासणारे वृद्ध काका हातातले काम न थांबवता बोलले. “उन्हात रंग खोटा दिसतो. ऊन फिरलं, की पोर खुर्ची बदलते. तिच्या पावलांवरून मला दुपार कळते.”

“किल्ल्या कुणाकडे?”

“माझ्याकडे, बाईंकडे आणि व्यवस्थापकांकडे. पण मी तिला कशाला घालवीन? मग माझ्याशी बोलेल कोण?”

मालकीणबाई तिच्या शेजारीच बसल्या होत्या. “सकाळी रंग आम्ही दोघी मिळून ठरवतो. दुपारी मी घरी जाते, पाय साथ देत नाहीत.”

“आणि तिची तक्रार?”

त्यांनी खण उघडला आणि पुन्हा लावला. “विचार करते आहे. तो माझा भाचा आहे.”

भाचा, म्हणजेच व्यवस्थापक, खाली मालाची पेटी बांधत होता. “सकाळभर मी दवाखान्यांच्या फेऱ्या मारतो. तीनच्या आत वर पाऊल पडत नाही माझं. बिचारी! सगळ्यांच्या शेवटी थांबते, स्वतःच डोळे वळवते, स्वतःच घाबरते. मी तर तिला सुटकेचा मार्ग दिला, कागद तयार करून दिला.”

“पाच मिनिटं वर चला,” तपासनीस म्हणाला.

वर सगळे उभे राहिले. डोळे अजूनही त्या उन्हातल्या खुर्चीकडेच पाहत होते.

“तिला सकाळी आल्या आल्या घाबरवायचं होतं,” तपासनीस म्हणाला. “मग सकाळी ती जिथे बसते, तिकडे हे का पाहत नाहीत?”

“चुकून?” मेहुणा म्हणाला.

“अगदी बरोबर. चुकणार कोण? काका तिची पावलं रोज ऐकतात. मालकीणबाई शेजारी बसतात. आणि हा खेळ तिचाच असता, तर ती आपली जागा विसरली नसती. तीननंतर वर येणाऱ्यालाच ती कायम या एकाच खुर्चीत दिसते.”

“खुर्चीवरून माणूस दोषी ठरतो का?” व्यवस्थापक हसला.

“नाही. ते चौकशीत ठरेल, आणि बाहेरच्या माणसांसमोर. पण ती गेली, की तक्रारही तिच्याबरोबर जाईल असं तुम्हाला वाटलं. तक्रार अशी जात नाही. आणि भीती घालून घेतलेल्या सहीला कायदा राजीनामा म्हणत नाही.”

व्यवस्थापकाने मावशीकडे पाहिले. मावशीने पाहिले नाही. त्याने किल्ली टेबलावर ठेवली आणि तो जिना उतरून गेला.

मालकीणबाईंचे डोळे भरून आले. “चुकले गं मी. माफ कर.”

“माफी नको, बाई,” ती हळूच म्हणाली. “तक्रार मिळाल्याची पोच द्या. लेखी. मिळाली त्या दिवसाची तारीख त्यात घालून.”

मालकीणबाईंनी कागद पुढे ओढला. तारीख त्यांना पाठ होती.