बुजवलेली खाच

ही गोष्ट माझ्यासोबत घडली आहे. ऐकीव नाही. भूत फक्त रात्री येतं असं ज्यांना वाटतं, त्यांना सांगतो... हे भरदुपारी घडलं. चर्चमध्ये. सगळे दिवे चालू असताना.

मी सुतार. आमचे दाजी पॉलिशवाले. गेल्या वर्षी आम्हाला एका चर्चच्या आतल्या डागडुजीचं काम मिळालं. शेजारचं लहान चर्च बंद करून तिथली माणसं या मोठ्या चर्चला जोडली होती. माणसांबरोबर त्यांचे बाकही आले.

आणि भांडणंही आली.

हा आमचा बाक, तो तुमचा बाक. फादर पार वैतागले होते. मला म्हणाले, "सगळे बाक एकसारखे कर. कुठला कुणाचा, ते मलासुद्धा ओळखता येता कामा नये."

काम सुरू झालं आणि एके दिवशी लहान चर्चच्या एक आजी काठी टेकत आल्या. दोन्ही डोळे गेलेले.

"बाळा, माझ्या बाकाच्या कडेला एक खाच आहे बघ. माझी नजर गेली तेव्हा आमच्या ह्यांनी चाकूने पाडली. केवढी बोलणी खाल्ली त्यापायी! आता हे नाहीत. पण बोट खाचेत गेलं की मला कळतं, ह्यांच्या शेजारी बसलेय. तेवढी राहू दे हं."

"राहील की, आजी," मी म्हणालो. तोंडाला आलं ते बोलून मोकळा झालो.

खाच मला सापडली. हातात लांबीचा, म्हणजे लाकडातल्या भेगा बुजवायच्या लगद्याचा डबा होता. आजी आठवल्या... अगदी स्पष्ट आठवल्या. पण एकाच बाकावर खूण ठेवली तर फादर बोलणार. उद्घाटन तोंडावर आलंय. आजींना काय, कुणीतरी हात धरून बसवेल.

मी खाचेत लांबी भरली. घासली. वरून दाजींनी पॉलिशचा हात फिरवला.

"झकास!" दाजी म्हणाले. "आता ज्याने बाक बनवले तो आला, तरी डोकं खाजवत बसेल."

आम्ही दोघं हसलो.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी आजी पुन्हा आल्या. पहिल्या बाकापासून कडा चाचपत निघाल्या. सर्र... सर्र... मी खांबाआड उभा होतो. नुसता 'आजी' म्हणालो असतो तरी पुरे होतं. मी खांबाआडच राहिलो.

शेवटच्या बाकाशी त्या थांबल्या.

"सापडत नाही गं बाई," स्वतःशीच म्हणाल्या आणि निघून गेल्या.

त्याच रात्री आजी झोपेत गेल्या.

महिन्याभराने फादरांचा फोन आला. बाकांच्या मागे गुडघे टेकायला फळ्या असतात ना, त्या आपोआप खाली पडत होत्या. "बिजागऱ्या बघून जा," म्हणाले.

बिजागऱ्या ठणठणीत होत्या. दाजी चहा प्यायला बाहेर गेले. मी मधल्या एका बाकावर, कडेला हात ठेवून बसलो.

तेवढ्यात...

ठक.

पहिल्या बाकाची फळी पडली.

मग तो आवाज. सर्र...

लाकडावरून फिरणारी बोटं. दिसत काहीच नव्हतं. एक बाक झाला, की पुढच्याची फळी. ठक. सर्र... 

आवाज माझ्या बाकाशी आला.

पळायला हवं होतं. मी बसल्या जागेवरूनच बोललो.

"आजी... ती मी बुजवली. आठवत असून बुजवली."

मी कडेवरून बोट फिरवलं, सगळं गुळगुळीत.

"आणि आता कुठला बाक, तेही मला आठवत नाही."

माझ्या हातावर काहीतरी थंड टेकलं. बोटं. ती मनगटावर आली... खांद्यावर... मग चेहऱ्यावर. कपाळ, नाक, हनुवटी. नजर गेलेलं माणूस ओळख पटवतं, तशी.

मला वाटलं, आता गळा धरणार.

गालावर हळूच थोपटलं. बस, एवढंच.

आणि पुढच्या बाकाची फळी पडली. ठक.

त्यांनी गळा धरला असता तर बरं झालं असतं, असं मला अजूनही वाटतं.

त्यानंतर मी कितीदा तरी तिथे गेलोय. दाजींना सांगत नाही. नखाने कडा खरवडतो, डोळे मिटून बोट फिरवतो. काम इतकं सफाईदार झालंय, की माझं मलाच कळत नाही.

परवा तोंडातून निघून गेलं, "सापडत नाही, आजी."

मागच्या बाकाची फळी हळूच खाली आली...

मी वळून पाहिलं नाही. पुढचा बाक चाचपायला घेतला. मागून आवाज येतच होता. सर्र... सर्र...