शेवटच्या रेषेवरचे दोन खांब

"आधी खांब, मग माणसं," असं पुटपुटत भिंगरी गवतात पालथी पडली, मावशीचा कॅमेरा डोळ्याला लावला आणि बोटभर डावीकडे सरकली.

धावपट्टीच्या दोन्ही बाजूंना, शेवटच्या रेषेच्या टोकांशी, एकेक पांढरा खांब रोवलेला होता. अलीकडच्या खांबामागे पलीकडचा पुरता लपला आणि दोहोंचा मिळून एकच दिसू लागला, तेव्हा ती थांबली. मावशीचा फोटो स्टुडिओ होता, आणि शर्यतीच्या फोटोसाठी तिचा एकच दंडक होता: दोन खांब एक झाल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. भिंगरीची पाठ उन्हाने भाजून निघत होती. पण अचूक जागा सावलीतच सापडेल, असं वचन कोणी कोणाला दिलेलं नसतं.

स्पर्धेच्या अधिकृत छायाचित्रकारांना हा दंडक ठाऊक नव्हता, असं म्हणणं अन्यायाचं होईल. ठाऊक होता. फक्त त्यांची खुर्ची रेषेच्या चार पावलं आधी, मांडवाच्या सावलीत होती. आणि खुर्ची उचलण्यापेक्षा ज्ञान बाजूला ठेवणं त्यांना कमी कष्टाचं वाटलं.

सुट्टीतल्या शिबिराची ही शेवटची शर्यत होती, मुलींची चारशे मीटर. शाळांच्या संयुक्त संघात एकच जागा उरली होती आणि जी पहिली येईल तिला ती मिळणार होती. काटकुळ्या लांब पायांमुळे जिला सगळे टिटवी म्हणत, ती भिंगरीची मैत्रीण त्या जागेसाठी सहा महिने रोज धावत होती. आज ती सर्वांत पलीकडच्या पट्ट्यात होती. सर्वांत अलीकडे दुसऱ्या शाळेची एक उंच, लांब वेणीची मुलगी होती. शेवटच्या वळणावरून दोघी जोडीनेच सुटल्या. भिंगरीने श्वास रोखला आणि बटण दाबलं.

पहिली कोण? मुख्य पंचांनी अधिकृत फोटो पाहिला आणि वेणीवालीचं नाव पुकारलं. फोटोत तिची छाती टिटवीच्या चांगली वीतभर पुढे दिसत होती.

टिटवी रडली नाही. ती बुटांच्या नाड्या सोडत बसली आणि एवढंच म्हणाली, "मी पुढे होते. मला कळतं ना."

भिंगरीच्या फोटोत ती पुढेच होती, तळहाताएवढी. भिंगरी तो घेऊन पंचांकडे गेली. पंचांनी तो हातातही घेतला नाही. अधिकृत ते अधिकृत, उद्या कोणीही पोर खेळण्यातला कॅमेरा घेऊन येईल, चार वाजता संघाची यादी जाणार आहे, तुम्ही सरबत प्या. तीन वाजले होते. तिघांपैकी कोणीही सरबत प्यायलं नाही.

तिसरा म्हणजे भिंगरीचा मावसभाऊ, वय वर्षं अकरा. शब्दकोशातल्याही चुका काढतो म्हणून त्याला पंडित म्हणत. तो सूचनाफलकावर लावलेल्या अधिकृत फोटोपुढे नाक टेकवून उभा राहिला.

"ताई, यात खांब दोन आहेत."

"दोनच असतात रे."

"तुझ्या फोटोत एकच आहे."

भिंगरीने फोटोतले दोन्ही खांब पाहिले. मग धावतच मांडवाकडे गेली. छायाचित्रकार खुर्चीसकट चहाच्या टेबलाकडे गेले होते. पण ओल्या गवतात खुर्चीच्या पायांचे चार खड्डे अजून ताजे होते. पंडितने पावलं मोजली. चार.

"तिरक्यातून बघितलं की अलीकडचं माणूस पुढे दिसतं," भिंगरी म्हणाली. "पण हे सांगून ते ऐकणार नाहीत."

"मग दाखवूया," टिटवीने नाड्या पुन्हा आवळल्या. "स्वतःच्या फोटोला कोण नाही म्हणतं?"

त्याप्रमाणे पंडित अत्यंत नम्रपणे मुख्य पंचांकडे आणि मुख्याध्यापिका बाईंकडे गेला. शिबिराची आठवण म्हणून दोघांचा एक फोटो हवा होता, आणि तोही मानाच्या जागी, शेवटच्या रेषेवर. मुलांच्या तक्रारीसाठी ज्यांना एक मिनिट नव्हतं, त्यांनी केस विंचरायला तीन मिनिटं घेतली. सर अलीकडच्या पट्ट्यात उभे राहिले, बाई पलीकडच्या. टिटवीने दोघांचेही पाय रेषेला नीट जुळवले. भिंगरीने चार खड्ड्यांच्या मधोमध बसून बटण दाबलं आणि कॅमेरा पंचांपुढे धरला.

"अभिनंदन, सर. तुम्ही बाईंना वीतभराने हरवलंत."

"काहीतरीच काय? आम्ही तर नुसते उभे होतो."

"हो ना," भिंगरी म्हणाली. "पण फोटो अधिकृत जागेवरून काढलाय."

आधी बाईंना कळलं. त्यांनी हसू पदराआड लपवलं. मग भिंगरीने आपल्या जागेवरून, खांबाला खांब मिळवून, दुसरा फोटो काढला. त्यात दोघे अगदी बरोबरीने उभे होते. पंचांनी दोन्ही फोटो पाहिले, चष्मा पुसला, पुन्हा पाहिले. मघाशी मागे राहिलेला हात त्यांनी आता पुढे केला.

"शर्यतीचा तुझा तो फोटो दाखव बरं, बाळ."

वेणीवालीलाही बोलावलं. तिने मान हलवली. "ती पुढेच होती, सर. मला तिचं कोपर दिसत होतं."

"मग तू बोलली का नाहीस?"

"मला कुणी विचारलंच नाही."

चारला पाच मिनिटं असताना यादीतलं नाव बदललं आणि वेणीवालीने स्वतः टिटवीला हात दिला.

मग कौतुक झालं, यथासांग. पंचांनी ध्वनिक्षेपकावरून चिकाटी, निरीक्षण आणि नवी पिढी यांची स्तुती केली. चूक कोणाची, हे मात्र भाषणात बसलं नाही. बाईंनी तिघांच्या पाठीवर हात ठेवला आणि पुढच्या वर्षी फोटोची जागा भिंगरी ठरवेल, असं जाहीर केलं. टिटवीचा शेवटच्या रेषेवर फोटो काढायचा ठरला, आणि छायाचित्रकार सवयीने पुन्हा सावलीत बसले.

भिंगरी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. एक डोळा मिटून तिने खांबांकडे पाहिलं, मग खुर्चीकडे.

छायाचित्रकार उठले. त्यांनी खुर्ची काखोटीला मारली आणि निमूटपणे चार पावलं चालत उन्हात आले.

"बोटभर डावीकडे, काका," भिंगरी म्हणाली. "हां. आता एकच दिसतोय."