दहावी कडी

"काटे नसलेलं घड्याळ मिळेल?"

घड्याळवाल्यानं डोळ्यावरचं भिंग काढलं. दारात उभ्या असलेल्या बाईच्या ओढणीला चार टाचण्या टोचलेल्या होत्या, आणि गळ्यात मापाची टेप.

"लोक माझ्याकडे काटे बसवायला येतात," तो म्हणाला.

"मला काढलेलेच हवेत. मैत्रिणीसाठी. ती जन्मात कधी वेळेवर आलेली नाही."

तो हसला. खणात हात घालून त्यानं एक नाण्याएवढी तबकडी शोधून काढली.

ती पलीकडच्या वळणावर कपडे अल्टर करून द्यायची. गल्लीत सगळे तिला टाकेवाली म्हणत. वर्षअखेरची मोठी सुट्टी आली, की लांब गेलेल्या मैत्रिणींना ती हातानं केलेली लटकनं पाठवायची, खिडकीत टांगायला. दुकानातल्या चिंध्या, उरलेली बटणं... प्रत्येकीचं लटकन वेगळं. मापांच्या वहीच्या शेवटच्या पानावर यादी होती –

*उशीरबाई: बिनकाट्यांचं घड्याळ.*
*नर्स: बोटभर सपाता, आत कापूस. पाय फार दुखतात तिचे.*
*भांडखोर: दोन बटणं, एकमेकांकडे पाठ करून, पण एकाच दोऱ्यात.*

अशा नऊ जणी.

"टांगणार कशावर?" त्यानं विचारलं.

"दोऱ्यावर."

"दोरा पीळ खातो. घड्याळ खोलीकडे पाठ करून बसेल." त्यानं पितळी तार घेतली, चिमट्यानं दोनदा वळवली. इवलीशी कडी. "उद्या या. दुसरी देतो."

"एका दिवसात नऊ होत नाहीत?"

"होतात की." त्यानं भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. "पण मी करत नाही."

*

दिवस दुसरा. सपातांची कडी. "चहा?" – "घाईत आहे." – प्यायली.

दिवस चौथा. "तुमच्या एवढ्या घड्याळांत खरी वेळ कोणतं दाखवतं?" "एकही नाही. तुम्ही आलात की चार वाजले, असं मी धरतो."

दिवस सहावा. ती पावणेचारलाच आली. त्यानं भिंतीवरचं मोठं घड्याळ पंधरा मिनिटं पुढे केलं.

दिवस नववा. त्यानं तळहातावर दोन कड्या ठेवल्या.

"नऊच हव्या होत्या. ही दहावी?"

"मोजायला चुकलो असेन," तो म्हणाला. सेकंदाचाही हिशेब ठेवणारा माणूस!

आणि मग तिला मागची खोकी दिसली. कागदात गुंडाळलेली घड्याळं.

"सुट्टीनंतर ताईच्या शहरात दुकान टाकतोय," तो तारेशी खेळत म्हणाला. "तिनं जागा बघून ठेवलीय. इथे तसं... अडकून राहावं असं काही नाही."

"हो का," ती म्हणाली.

*

*दहावं:*

भिंग? अभ्रकाच्या तुकड्याचं करून पाहिलं. उसवलं.
चहाचा कप, मखमलीचा? उसवला.
चिमटा? नाही. नाही!

गंमत अशी, की तीनही सुबक झाले होते. नऊ जणींची लटकनं टपालात पडली, आणि दहाव्या कडीखाली काहीच टिकेना. आपले हात असे कधी अडत नाहीत... मग तिला उमगलं, आणि ती हातातली सुई तशीच धरून बसून राहिली.

*

दुकानाच्या शेवटच्या दिवशी ती गेली तेव्हा चार वाजले होते. खरंच.

"सगळ्यांना मिळाली लटकनं?" खोक्याला दोरी बांधत त्यानं विचारलं. मग न राहवून, "माझं?"

"नाही केलं."

"बरं." दोरीची गाठ नको तितकी घट्ट बसली. "नऊ दिवस कड्या वळल्या. मित्रांच्या यादीत तरी असेन, वाटलं होतं."

"नाही आहात."

त्यानं मान वर केली.

"त्या यादीतल्या माणसांना –" तिनं कडी मुठीत आवळली, "त्यांना मी वर्षभर पाहिलं नाही तरी माझं चालतं. म्हणून तर पाठवते. तुमचं करायला घेतलं, की ते खोक्यात जाईल, तुमच्याबरोबर, तिकडच्या खिडकीत लटकेल आणि मी इथे... मला नाही जमत. उसवलं सगळं."

भिंतीवरची उरलेली दोन घड्याळं एकमेकांच्या मागेपुढे टिकटिकत राहिली.

त्यानं हळूच तिची मूठ उघडली. कडी घेतली. दुकानाच्या खिडकीतल्या खिळ्याला तशीच अडकवली.

"रिकामीच?" तिनं विचारलं.

"रिकामीच बरी. काही दिलं असतंत, तर न्यावं लागलं असतं."

मग त्यानं ती घट्ट गाठ दातांनी सोडवायला घेतली. सुटेना. तिनं खिशातून कात्री काढून पुढे केली.

"ताई काय म्हणेल?" तो दोरी कापता कापता पुटपुटला. "फाडून खाईल मला."

टाकेवालीनं मापांची वही उघडली, शेवटचं पान काढलं, पेन्सिलीला जीभ लावली.

"ताईंना काय आवडतं?"

"मला ओरडायला."

तिनं लिहून घेतलं.

*ताई: लाल लोकरीचा भोंगा. मोठा. दोन दिवसांत टपालात पडायला हवा.*