मध्यंतरानंतरची गोष्ट

“त्या मुलीचं लग्न झालं का हो शेवटी?”

थिएटरातले दिवे अजून मालवायचे होते. तिनं वळून पाहिलं. शेजारच्या खुर्चीत गेल्या आठवड्यातलाच तो — मध्यंतर होताच तिच्या पायावर पाय देऊन घाईनं निघून गेलेला. ती शिवणकाम करायची. दुकानाच्या सुट्टीला दुपारचा खेळ पाहणं एवढीच तिची चैन. तो चष्म्याच्या दुकानात कामाला. त्याची आई अंथरुणाला खिळलेली, आणि शेजारच्या काकू मध्यंतरापर्यंतच आईपाशी बसायच्या. घरी गेलं की आई विचारायची, पुढं काय झालं? म्हणून हा प्रश्न.

“झालं की,” ती म्हणाली. “अगदी थाटात.”

खरं तर ती मुलगी शेवटी नदीत वाहून गेली होती. पण आजारी बाईला हे कसं सांगायचं…

मग तो रिवाजच पडला. पूर्वार्ध तो डोळ्यांनी पाहायचा, आणि उत्तरार्ध पुढच्या आठवड्यात तिच्या तोंडून घेऊन जायचा. वर तिची मतंही हवी असायची. मारामारीच्या सिनेमाबद्दल ती म्हणाली, दहा जणांना लोळवलं तरी हिरोच्या सदऱ्याची इस्त्री मोडत नाही. तो शिंपी मला एकदा भेटायला हवा. भुताच्या सिनेमातलं भूत तिनं रिकामटेकडं ठरवलं. एका गाजलेल्या प्रेमपटावर मात्र ती चिडलीच. मनातलं एक वाक्य बोलायला दोघांना तीन तास लागतात, आणि आपण तिकीट काढून त्यांची तोंडं बघत बसायची!

“तुम्ही असता तर लगेच बोलला असता?” त्यानं चष्मा पुसत विचारलं.

“माझं काय… मी आपली…” ती पडद्याकडे बघत राहिली. पडदा अजून कोरा होता.

एकदा तरी यानं मध्यंतरानंतर थांबावं, एवढंच तिच्या मनात यायचं. त्याच्या आईनं तिला कितीदा घरी बोलावलं होतं. ती म्हणायची, पुढच्या खेपेला नक्की. कुठल्या नात्यानं जायचं, तेच उमगत नव्हतं.

आणि मग ती खुर्ची बरेच आठवडे रिकामी राहिली.

तो आला तेव्हा पार वाळला होता. चेहराच सगळं सांगत होता. सिनेमा विनोदी होता. मध्यंतराला तो सवयीनं अर्धा उठला… आणि पुन्हा खाली बसला. तिच्या मनात आलं, हेच मागितलं होतं रे देवा, पण असं नव्हतं मागितलं.

उत्तरार्धात सगळं थिएटर हसत होतं. अंधारात तो रडत होता. तिनं त्याच्या हातावर हात ठेवला, आणि तो तसाच राहू दिला.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, त्या पहिल्या सिनेमातली मुलगी वाहून गेली हे आईला ठाऊक होतं. काकूंनी तो सिनेमा आधीच पाहिला होता.

तिचा चेहरा उतरला. “मग मला बोलला का नाहीत?”

“आईनं दटावलं. म्हणाली, पोर खोटं बोलते, पण किती मायेनं बोलते. ओशाळली तर सांगायची बंद होईल.” तो थांबला. “वाट बघायची हो तुमची.”

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

“आईंसाठीच सांगायचे मी,” ती हळूच म्हणाली. “पण… तुम्ही पुढच्या आठवड्यात परत यावं, म्हणूनही.”

“आता आईचं निमित्त नाही,” तो म्हणाला. “तरी आलो ना.”

पण त्याचा पाय घराकडे वळेना. आई होती तेव्हा दार नुसतं लोटलेलं असायचं, म्हणाला. कुलूप म्हणून कधी लावलंच नव्हतं.

“चला,” ती म्हणाली. “मी येते.”

कुलूप नवंकोरं होतं. त्याच्यानं किल्ली काही लागेना. तिनं ती हलकेच त्याच्या हातून घेतली, कुलूप काढलं, आणि अंधाऱ्या खोलीत आधी स्वतः गेली. दिवा लावला. मग आतून म्हणाली —

“या.”