माणूस काम करत आहे

ज्या वर्षी इंदूरला माझ्या नातीचं बारसं झालं आणि आम्ही ते भोपाळमध्ये बसून फोनवर पाहिलं, ते २०२१ साल. सुधानं, माझ्या मुलीनं, फोन पाळण्यावर धरला होता. नाव ठेवताना नेमकं चित्र थांबलं. हेमंत, माझा मुलगा, म्हणाला, "पोरीचं नाव 'थांबा जरा' ठेवलं वाटतं." तो मार्च महिना होता. घरात सगळे हसले, असं ते शेवटचं.

पिपलानीच्या क्वार्टरमध्ये आम्ही तिघं राहायचो. मी, हेमंत आणि सून सुलभा. मी कारखान्यात चौतीस वर्षं क्रेनखाली साखळ्या बांधल्या. निवृत्तीनंतर क्वार्टर भाड्यानं मिळालं. दोन खोल्या, मागे अंगण, अंगणात पपई.

मला अक्षरं एक्केचाळिसाव्या वर्षी आली. कारखान्यात कोणी दुरुस्तीला यंत्राच्या आत शिरला की आधी स्विचवर लाल पाटी टांगायचा. तिच्यावर छापलेलं असे, 'आदमी काम कर रहा है', आणि खाली खडूनं त्याचं नाव. ज्यानं टांगली त्यानंच ती काढायची, साहेबानंही हात लावायचा नाही. एकदा सोबतच्या मोहननं काम संपल्यावर आळस केला आणि त्याची पाटी काढायला मला पाठवलं. दोन पाट्या शेजारी होत्या. मला वाचता येत नव्हतं. मी दुसरीच काढली. त्या यंत्रात विश्वनाथ होता. कोणीतरी ओरडलं म्हणून वाचला. त्याच आठवड्यात मी इंदुमतीबाईंच्या साक्षरता वर्गात जाऊन बसलो. पहिला शब्द मी 'आदमी' शिकलो.

हेमंत पुण्याच्या एका कंपनीसाठी घरूनच सॉफ्टवेअर लिहायचा. लॅपटॉपच्या एका कोपऱ्यात काळी चौकट उघडी असायची. मी विचारलं तेव्हा त्यानं समजावलं, हा वॉचर. मी लिहिलेल्या फाइलींवर नजर ठेवतो. एखादी बदलली की मला काही सांगावं लागत नाही, हा आपणहून सगळ्या तपासण्या चालवतो. चूक असली तर लाल, बरोबर असलं तर हिरवं. मला वाचता यावं म्हणून त्यानं त्याच्या ओळी मराठीत करून दिल्या.

"म्हणजे मुकादम," मी म्हणालो.

"मुकादमच, फक्त शिव्या देत नाही."

"आणि फाइल बदललीच नाही तर?"

"तर गप्प बसतो. महिनाभरसुद्धा."

सुलभा इस्त्रीसाठी लॅपटॉपचा स्विच बंद करायची आणि दोघांची जुंपायची. म्हणून हेमंतनं माझ्या पेटीतली जुनी लाल पाटी घेतली, खाली खडूनं आपलं नाव लिहिलं आणि बोर्डावर टांगली. सुलभा म्हणाली, आता नवऱ्याला भेटायलाही गेट पास लागेल.

सतरा एप्रिलला, शनिवारी, त्याला धाप लागायला लागली. ॲम्ब्युलन्समध्ये तो स्वतः चालत गेला. दारातून वळून म्हणाला, "बाबा, ते बंद करू नका. काम अर्धं आहे."

हॉस्पिटलमध्ये कोणाला आत सोडत नव्हते. त्याचा मोबाइल लागेना. रोज संध्याकाळी सहाला फोन केला की एक बाई यादी पाहून सांगायची, बेड नंबर चौदा, स्टेबल हैं. सुलभालाही ताप होता. ती पलीकडच्या खोलीत पडून असायची आणि भिंतीवर बोटं वाजवून विचारायची, काय म्हणाले? मीही भिंत वाजवून सांगायचो, ठीक आहे.

चार दिवस काळी चौकट गप्प होती. रामनवमीला जेवून मी खोलीत बसलो होतो. लॅपटॉपचा पंखा घरघरला. चौकटीत ओळी सरकल्या, वरून खाली. मी बोट ठेवून वाचलं. फाइल बदलली. तपासण्या चालू. चुका तेवीस. पुढे वेळ.

मी हात लावलेला नव्हता. सुलभा झोपली होती. मी वेळ वहीत उतरवून घेतली.

संध्याकाळपर्यंत तसं पाच वेळा झालं. दुसऱ्या दिवशी चुका वीस होत्या. आणखी एका दिवसानं सोळा. जेवणाच्या वेळी खंड पडायचा. मग पुन्हा सुरू. हेमंतही असाच जेवायला उठायचा.

शनिवारी पुण्याहून रवींद्रचा फोन आला. तो हेमंतसोबत काम करायचा.

"काका, हेमंतला सांगा, आराम कर. हॉस्पिटलमधून कसलं काम करतोय?"

"तिथून करता येतं?"

"नाही ना. लॅपटॉप तर तुमच्याकडे आहे."

"माझ्यासमोरच आहे."

त्यानं त्याच्याकडे आलेलं लिखाण पुन्हा उघडून पाहिलं. मग म्हणाला, "लिहिणं त्याचंच आहे, काका. त्याचा हात मी ओळखतो. कोण बसलंय तिथे?"

"मी बसलोय," मी म्हणालो.

त्यानं पुन्हा फोन केला नाही.

मला भीती वाटली नाही. मला बरं वाटलं, हे लिहायला हवं. पाटी टांगलेली होती. पाटी टांगलेली असते तोवर माणूस आत असतो, काम करत असतो आणि जिवंत असतो. मला अक्षरांआधी हे आलं होतं. मी ठरवलं की स्विच सोडून हलायचं नाही. वीज गेली तर बॅटरी किती पुरेल याचा हिशोब केला. अंघोळ सोडली.

सोमवारी सुलभाचा ताप उतरला. ती दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, बाबा, फोनवर माझा विश्वास नाही, तुम्ही गेटपाशी जाऊन समोरासमोर विचारून या. मी म्हणालो, मला इथून उठता येणार नाही. तिला वही दाखवली. तिनं पानं उलटली आणि वही मिटली.

"मुलापाशी बसायचं की मशीनपाशी, बाबा?"

मी बोर्डावरच्या पाटीकडे पाहिलं. उत्तर माझ्याकडे होतं, पण तिला पटलं नसतं.

मंगळवारी सकाळी ती स्वतःच गेली.

दुपारी चुका तीन होत्या. मग दोन.

फाटक वाजलं. सुलभा आत आली नाही. व्हरांड्याच्या पायरीवर बसली. मी सहा दिवसांत पहिल्यांदा खोलीबाहेर आलो.

"ते चौदा नंबरच्या बेडचं सांगत होते, बाबा," ती म्हणाली. "बेडवर दुसरंच कोणी आहे."

तिनं हॉस्पिटलचा कागद माझ्या हातात दिला.

मी अक्षर अक्षर लावून वाचला. मग पुन्हा वाचला. आत लॅपटॉपचा पंखा घरघरला. सुलभानंही तो ऐकला. तिनं पदर कानांवर घट्ट धरला.

मी वही उघडली. पहिली नोंद होती, एकवीस एप्रिल, दुपारी दोन छत्तीस.

हेमंत मनोहर निखाडे, वय सदतीस, एकवीस एप्रिल दोन हजार एकवीस रोजी दुपारी दोन वाजून पस्तीस मिनिटांनी वारला.